दोन चमचे पाणी आणि इंजिन गार! रेवसच्या खाऱ्या वाऱ्यात बॉनेटखालची आंघोळ

माहीत आहे का? गाडीचं इंजिन बंद पाडायला पूर यावा लागत नाही. जेवणाचे दोन मोठे चमचे भरून थोडं वर पाणी, बस्स!

हिशोब करून बघा. १२०० सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी. कॉम्प्रेशन १०:१ धरलं, तर पिस्टन पार वर पोचल्यावर उरणारी जागा फक्त ३३ मिलिलिटर! हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. त्या जागेत मावेल त्याहून जास्त पाणी आत गेलं, की पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजमध्ये म्हणतात, ‘गाडी पाणी प्यायली.’ बिल मात्र मालकाला प्यावं लागतं.

मग बॉनेटखाली पाणी लावायचंच नाही? लावायचं की! आणि तुमची गाडी एमएच-०६ असेल, रेवस-मांडवा पट्ट्यात मुक्कामाला असेल, तर आवर्जून लावायचं. फक्त कुठलं पाणी, किती जोरात आणि कधी, एवढं कळलं पाहिजे. चला, बॉनेटचा खटका ओढा!

हवा खारी, बात न्यारी

रेवस म्हणजे धरमतर खाडीचं तोंड. समोर करंजा दिसतंय, लाँचनं गेलात तर आत्ता पोचाल. गाडीनं जायचं म्हटलं तर मात्र वडखळ-पेणला वळसा! या खाडीवरच्या पुलाचं स्वप्न बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनचं, म्हणजे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मागे खारेपाटाची खारी जमीन. इथल्या गाडीला मीठ तिन्ही बाजूंनी मिळतं.

माहीत आहे का? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच बॉनेटखाली चालू असतं. कोकण किनाऱ्यावर पावसाळाभर आर्द्रता या आकड्याच्या खाली क्वचितच येते. म्हणजे गाडी पार्किंगमध्ये उभी असली, पावसाचा थेंब लागला नसला, तरी नटबोल्टवरचं मीठ ओलंच! आणि ओलं मीठ म्हणजे गंजाला खुलं आमंत्रण.

आता ऐका गंमत. गाड्यांचे पार्ट किती गंजतात हे तपासायची जगभर एक ठरलेली टेस्ट आहे, सॉल्ट स्प्रे टेस्ट. बंद पेटीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं आणि तापमान ठेवायचं ३५ अंश. खारं धुकं आणि ३५ अंश? अहो, हा तर आमचा मे महिना! पुण्यात वेताळ टेकडीवरच्या, १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेत गाड्यांच्या पार्टना अशा परीक्षा द्याव्या लागतात. रेवसच्या गाडीची परीक्षा वर्षभर चालू असते, तीही प्रवेशपत्राशिवाय.

त्यात २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. गाडीसकट बोटीत चढा, गाडीसकट उतरा. झकास सोय! पण भर समुद्रातला वारा ग्रिलमधून थेट रेडिएटरवर येतो. वीकेंडला अलिबाग करून परत जाणाऱ्या मुंबईकरांनो, गाडीचं वरचं अंग तुम्ही चकाचक करता. बॉनेटखालच्या मिठाचं काय?

अलिबागचं चुंबक आणि तुमचा सेन्सर

जरा वेगळ्या स्टेशनावर जाऊ. अलिबागची चुंबकीय वेधशाळा माहीत आहे ना? मुळात ती मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर नाजूक चुंबकीय मोजमापं बिघडतील म्हणून काम अलिबागला हलवलं, १९०४ साली. म्हणजे विजेची गडबड नको म्हणून एक अख्खी वेधशाळा समुद्रापार आली!

आता बॉनेटखाली बघा. बहुतेक आधुनिक गाड्यांमध्ये क्रँक आणि कॅमची पोझिशन सांगणारे सेन्सर चुंबकीय क्षेत्र वाचूनच काम करतात. अनेकांच्या पोटात आहे १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकन संशोधकानं शोधलेला ‘हॉल इफेक्ट’. म्हणजे तुमच्या गाडीतही एक छोटी चुंबकीय वेधशाळा आहे. तिच्या कनेक्टरमध्ये खारट पाणी शिरलं, की तिचीही मोजमापं बिघडतात. गाडी धक्के खाते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

गन खाली ठेवा, दादा!

टायरमध्ये हवा किती भरता? ३२ पीएसआय, म्हणजे २.२ बार. घरगुती प्रेशर वॉशरचं पाणी किती जोरात येतं? १०० बार आणि त्याहून वर! टायरच्या ४५ पट! युरोपातला पहिला गरम पाण्याचा प्रेशर वॉशर जर्मनीच्या कार्शर कंपनीनं १९५० साली आणला. आज तो प्रत्येक हायवेवरच्या वॉशिंग सेंटरला आहे. चाकांच्या आतला गाळ काढायला एक नंबर. बॉनेटखाली मात्र त्याला ‘नो एंट्री’चा बोर्ड.

‘पण पार्ट वॉटरप्रूफ असतात ना?’ असतात, काही. त्यांची सगळ्यात कडक परीक्षा म्हणजे आयपी-६९के. ८० अंश गरम पाणी, ८० ते १०० बार दाब, १० ते १५ सेंटीमीटरवरून मारा, चार कोनांतून. भारी वाटतं ना? पण वेळ बघा. प्रत्येक कोनातून फक्त ३० सेकंद, आणि पार्ट कोराकरकरीत! तुमची गाडी दहा वर्षांची असेल, तर कनेक्टरची रबरं कडक झालेली असतात. अशी रबरं १०० बारपुढे काय टिकणार?

आणि ऑल्टरनेटर? त्याला तर मुळातच खिडक्या आहेत! आत थंड हवा खेळावी म्हणून कंपनीनंच जाळी ठेवलेली असते. त्याच जाळीतून गनचं पाणी सरळ आत.

गरम डबा पाणी शोषतो

हा आमचा सगळ्यात आवडता नगेट, म्हणून जरा निवांत.

पाणी कमी दाबानं मारलं, लांबून मारलं, तरी कधीकधी सीलबंद डब्यात शिरतं. कसं? गाडी नुकतीच चालून आली आहे. ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) डबा, कनेक्टर, सगळं तापलेलं. समजा आतली हवा ८० अंशांवर आहे. त्यावर तुम्ही थंड पाणी ओतलं. आतली हवा झटकन ३० अंशांवर आली. हवा गार झाली की तिचा दाब घटतो. या हिशोबात तो सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. १४ टक्के म्हणजे किरकोळ? छे! तो डबा जवळजवळ दीड मीटर खोल पाण्यात बुडवल्यावर जेवढा जोर पडेल, तेवढ्या जोरानं बाहेरचं पाणी आत ओढलं जातं.

आता लक्षात घ्या, आयपी-६७ शिक्का मिळवणाऱ्या पार्टची परीक्षा होते १ मीटर पाण्यात, अर्धा तास. म्हणजे तुमच्या अंगणात, साध्या बादलीनं, त्या परीक्षेपेक्षा अवघड पेपर तुम्ही काढलात! कंपन्यांना हे पक्कं माहीत आहे. म्हणून कित्येक डब्यांना आणि हेडलाइटना एक चिमुकला श्वासपडदा लावलेला असतो. हवा ये-जा करते, पाणी अडतं. रेनकोट-जॅकेटमध्ये असतो ना, त्याच जातीचा पडदा. बॉब गोर यांनी तो १९६९ साली शोधला. पण त्या पडद्यावर ग्रीस आणि धूळ बसली, की डबा पुन्हा गुदमरतो.

शिवाय एक्झॉस्टचा ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड. गाडी जोरात चालवल्यावर तो काहीशे अंशांपर्यंत तापतो. त्यावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. म्हणून पहिला नियम, आणि यात तडजोड नाही: गाडी लावा, बॉनेट उघडा, दोनेक तास जाऊ द्या. इंजिनवर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे. मग पाणी.

पद्मिनीचे नखरे

कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी आठवते? १०८९ सीसीची लाडकी फियाट! मुंबईच्या पावसात ती हमखास बंद पडायची आणि ड्रायव्हर बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरची टोपी कोरड्या फडक्यानं पुसायचा. स्पार्क प्लगला लागणारा करंट २० हजार व्होल्टच्या पुढचा. घरातला करंट २३० व्होल्ट. एवढ्या व्होल्टेजला ओलावा मिळाला, की करंट प्लग सोडून भलत्याच वाटेनं पळतो. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली.

डिस्ट्रिब्युटर गेला, धडा राहिला. आता बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल असते आणि प्लग खोल खड्ड्यात बसलेला असतो. त्या खड्ड्यात पाणी साचलं, की चार सिलिंडरची गाडी तीनवर चालते. गाडी थरथरत असेल तर आधी तिथं बघा.

माहीत आहे का? असला ओलावा उडवायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे मुळात गाड्यांसाठी नव्हताच. अमेरिकेत १९५३ साली तो बनला अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून! चाळीसाव्या प्रयत्नाला फॉर्म्युला जमला, म्हणून नावात ४०.

दुधाची पिशवी बनते रेनकोट

महाराष्ट्रात कॅरीबॅगवर २०१८ मध्ये बंदी आली. मग झाकायला काय घ्यायचं? दुधाची रिकामी पिशवी! जाड, धुऊन पुन्हा वापरता येणारी, रबरबँड लावला की एअर इनटेकच्या तोंडावर फिट्ट. हॉटेलातून मिळालेली शॉवर कॅप असेल तर ऑल्टरनेटरच्या डोक्यावर घाला. फ्यूज बॉक्स, ईसीयू, कॉइल यांनाही पांघरूण हवं. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट आहेत ना, हाताने दाबून बघा.

ब्रेक ऑइलच्या झाकणाकडे तर खास लक्ष! ब्रेक ऑइल पाणी पितं, हवेतलंसुद्धा. डॉट-४ चं कोरडं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं, की तीच हद्द उतरते १५५ अंशांवर. कार्लेखिंडीच्या उतारावर हा फरक पायाखाली कळतो.

बॅटरीची वायर काढा. दहा नंबरचा पाना घ्या आणि आधी माईनस. का? आधी प्लस सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी! टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा जमला असेल, तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं लावा. फसफसून निघतो. फक्त सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोकाकोलाची ट्रिक? आम्ल आहे, काम करते, पण मागे साखरेचा चिकटा ठेवते. मुंग्यांना पार्टी कशाला द्यायची?

गोडं पाणी, गोड गाडी

आता मेन कोर्स: पाणी कुठलं? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणतं, विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले. म्हणजे फरक ७० पटींचा! खाडीकाठच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं. त्या पाण्यानं इंजिन धुणं म्हणजे मीठ धुवायला मीठच वापरणं.

पण खारेपाटात गोडं पाणी म्हणजे सोनं. कित्येक गावं टँकरची वाट बघतात. तिथं गाडीसाठी नळ सोडून बसणं मनाला पटत नाही, पटूही नये. मग उपाय? वर बघा, आभाळाकडे! या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १० चौरस मीटरच्या छोट्या पत्र्यावरून पन्हळीनं साठवलं, तर हिशोबानं २० हजार लिटर! पहिल्या सरींमध्ये पत्रा धुऊन निघू द्या, मग पिंप लावा. या पाण्यात क्षार नावालाच. इंजिनसाठी याहून भारी पाणी विकतही मिळायचं नाही.

आणि लागतं तरी किती? दोन लिटरचा हातपंपाचा स्प्रेअर, कुंड्यांना मारतो तो. धार नको, फवारा. दोनदा भरला की काम फत्ते. आंब्याच्या बागेतला फवारणी पंप मात्र वापरू नका. औषधाचा अंश गरम इंजिनवरून वाफ होऊन तुमच्याच नाकात जाईल.

रॉकेल? अजिबात नाही!

जुन्या गॅरेजमध्ये इंजिनवर डिझेल किंवा रॉकेल मारायचे आणि मग पाण्यानं धुवायचे. इंजिन चकाकायचं, खरं आहे. पण कूलंटचे बहुतेक पाइप ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. गरम पाण्याला हे रबर दाद देत नाही, पण पेट्रोलियम तेल लागलं की फुगून मऊ पडतं. शिवाय आगीचा धोका आहेच.

कॉस्टिक सोड्याचं जहाल क्लीनरही नको. अ‍ॅल्युमिनियमवर ते पडलं, की धातू विरघळतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. शाळेतला प्रयोग घरच्या इंजिनवर कशाला? साधा कार शॅम्पू किंवा पाण्यात मिसळणारा डीग्रीझर आणि दोन इंची रंगाचा ब्रश. फवारा, पाच मिनिटं थांबा, ब्रशनं घासा, हलका फवारा, फडक्यानं टिपा. वरून खाली, आणि एका वेळी वीतभर जागा.

सुरुवातीला मात्र सुका पाला काढा. बदामाची पानं काचेखालच्या जाळीत अडकतात आणि पाणी वाहून जायची भोकं बुजवतात. पालापाचोळा गरम मॅनिफोल्डपाशी पडला तर आगीलाच निमंत्रण.

आणि पाल्यात कुरतडलेल्या वायरी दिसल्या तर? उंदीरमामा! माहीत आहे का, होंडा कंपनी यासाठी चक्क तिखट टेप विकते. मिरचीतला झणझणीत कॅप्सेसिन त्यात असतो. वायरीला गुंडाळायची, मामांचं तोंड पोळतं. तुटक्या वायरीवर पाणी मात्र मारू नका, आधी इलेक्ट्रिशियन.

नारिंगी दिसलं की हात मागे

गाडी इलेक्ट्रिक आहे? पुण्याजवळ रांजणगावला बनणारी नेक्सॉन ईव्ही असो की दुसरी कुठली, बॉनेटखालच्या जाड नारिंगी केबल म्हणजे शेकडो व्होल्ट. तिथं पाण्याचा फवारा नाही, घरचे प्रयोग नाहीत. ओलसर फडकं, तेही केबलपासून दूर, आणि बाकी कंपनीच्या माणसावर सोपवा.

‘माझी थार पाण्यातून जाते!’ जाते हो. नाशिकला बनणारी ही गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून काढता येते, असं कंपनी सांगते. पण ते साधं पाणी, हळू वेगात. किहीम किंवा काशीदच्या पुळणीवर भरतीशी शर्यत लावायचं ते लायसन नव्हे. चाकं वाळूत रुतली की भरती थांबत नाही.

जिताड्याला जपा

खारेपाटाची शान म्हणजे जिताडा. हा मासा खाऱ्या पाण्यातही राहतो आणि गोड्या तलावातही मजेत वाढतो. आणखी चकित व्हायचंय? जिताडा बहुधा नर म्हणून वयात येतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो!

या गड्याला खारं-गोडं दोन्ही चालतं, पण तेल नाही चालत. बॉनेटखालून निघालेलं काळं पाणी तलावाच्या किंवा खाडीच्या उतारावर सोडू नका. गाडीखाली जुनी गोणपाटं आणि लाकडाचा भुसा पसरा, तेलाचा चिकटा त्यात अडकतो. बादलीभर पाण्यात काम केलंत, तर वाहून जायला फारसं उरतच नाही.

वाळवण!

धुऊन झालं? लगेच स्टार्टर मारू नका. आधी पिशव्या काढा. पंक्चरवाल्याकडचा हवेचा पाइप मिळाला तर बहार! कनेक्टर, कॉइलचे खड्डे, बोल्टच्या खाचा, सगळीकडून पाणी फुंकून काढा. पण पाइप हातभर लांबून धरा. मग बॉनेट उघडं ठेवून उन्हात तासभर. त्यानंतर बॅटरी जोडा, आधी प्लस, मग माईनस. गाडी सुरू करा आणि दहा मिनिटं जागेवरच चालू द्या. उरलासुरला ओलावा इंजिनच्याच उष्णतेनं उडतो. थरथर नाही, पिवळा दिवा नाही? पास!

स्टार्टर मारला आणि ‘टक्’ करून अडकला, तर पुन्हा मारू नका. पुन्हा मारल्यानं रॉड वाकू शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या गाड्या पाणी ओसरल्यावर घाईनं सुरू करणाऱ्यांना हा हिसका बसला. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन लागतं. तुमच्या पॉलिसीचं पान आजच उलटून बघा.

मुहूर्त कधीचा? पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर हीटमध्ये! चार महिने साचलेलं मीठ आणि चिखल एकदम निघतो, आणि वाळवायला ऊन फुकट. दुसरा हात मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या सरीच्या आधी. वर्षातून दोनदा पुरे. त्याहून जास्त वेळा धुणं म्हणजे कनेक्टरला उगाच त्रास.

आणि वॉशिंग सेंटरचा पोरगा हौसेनं गन घेऊन बॉनेटकडे वळलाच, तर हसून सांगा: ‘दादा, गन चाकांना मार. इंजिनला मी घरीच फवारा देतो.’